आंब्याच्या कढईतला डाव

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "हे मोडके वल्हे इथे कशाला टांगले आहे?" मी वल्हे नाही. मी एक जुना लाकडी डाव आहे. तुमची आई ज्या डावाने आमटी वाढते तो माझा फार लांबचा आणि फार लहान नातलग. मला उभे केले तर मी मोठ्या माणसाच्या खांद्याला लागतो. मी आंब्याचा रस ढवळतो. ढवळत होतो, असे म्हणायला हवे.

माझ्या दांड्यावर मधोमध सुती दोरीचा एक पट्टा आवळून बांधलेला आहे. त्याच्या वरती कोळशाने एक शब्द लिहिला होता. शब्द इंग्रजी, पण अक्षरे मराठी. आता तो पुसून गेला आहे. त्या एका शब्दापायी एका बाईचे सगळे टांगणीला लागले होते आणि माझीही मान मोडता मोडता वाचली होती. ती हकिकत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म फणसाचा. धोंडू सुताराने एका जुन्या फणसाच्या चौकटी काढल्या आणि उरलेल्या जाड फांदीतून मला तासले. तेव्हा माझे मालक आप्पा शेजारी उभे होते. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आप्पांची एक कौलारू शेड होती आणि तिला ते न लाजता 'फॅक्टरी' म्हणत. आप्पांनी विचारले, "धोंडू, फणसाला पिवळा रंग सुटतो ना रे?"

"सुटूं दे की, आप्पानू! आंब्याच्या रसात कोण बगतोय?" धोंडू म्हणाला.

अशा माणसाच्या हातून मी घडलो, म्हणून माझी जीभ थोडी तिखट आहे. राग मानू नका.

शेडचे काम वर्षाचे दोनच महिने चाले. एप्रिल-मे आला की हापूसच्या पेट्या येत. बायका आंबे धूत, रस काढत, आणि तो रस मोठ्या कढईत तापवून डब्यांत भरला जाई. कढईखाली लाकडांची भट्टी. माझे काम एकच, रसाला तळ धरू द्यायचा नाही. ऐकायला सोपे वाटते. पण रस एकदा तळाला लागला की सगळी कढई करपट होते, मग आंबा हापूस असो नाहीतर रायवळ. बायका आळीपाळीने मला हातात घेत. कोणी मला धुण्यासारखे बडवी, तर कोणी नुसते वरवर फिरवून बाहेरच्या गप्पा ऐके. सगुणाचा हात मात्र वेगळा होता. ती मला तळाशी टेकवून सावकाश, गोल, न थांबता फिरवी. कढईत कुठे रस जड झाला आहे ते मला कळायच्या आत तिच्या मनगटाला कळे.

आप्पा सगळ्यांसमोर म्हणत, "हा डाव आणि ही बाई कढईवर असली की मी खुशाल जेवायला जातो." ते ऐकून मी फुगून जाई. सगुणा मात्र मान खाली घालून ढवळत राही.

सगुणाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. तीन वर्षे त्याचे पत्र नव्हते. जिवंत आहे की नाही हेही कोणी सांगत नव्हते. ती मुलीला घेऊन भावाच्या घरी मागच्या पडवीत राहत होती. भावजय वाईट नव्हती, पण सगुणाच्या वाटणीचे तांदूळ काढताना ती शेराचे माप मोठ्याने म्हणत असे. सगुणा हे एकदाच काशीला सांगत होती, तेव्हा मी ऐकले. काशी म्हणजे भट्टीत लाकडे सारणारी वयस्क बाई. काशीने फक्त आपल्या डब्यातली भाकरी मोडून सगुणाच्या हातावर ठेवली.

असेच सन चौऱ्याऐंशी उजाडले. मे महिना सरत आला होता. एके दिवशी आप्पा धावतच शेडमध्ये आले. मुंबईच्या एका मोठ्या दुकानदाराला आंब्याचा जॅम हवा होता, आणि तोही बारा महिने. डब्यांत भरून ठेवलेल्या रसापासून जॅम वर्षभर करता येतो. त्यांचे साहेब येणार, त्यांच्या डोळ्यांदेखत एक कढई जॅम करून दाखवायचा, आणि जमला तर काम पक्के.

"सगुणा, हे जमलं तर भट्टीवरची मुख्य बाई तू," आप्पा म्हणाले. "काम बारमाही. आणि शेडमागची ती खोली आहे ना, ती तुला आणि पोरीला."

त्या दुपारी सगुणाने मला इतके हलके फिरवले की मला माझे वजनच जाणवेना. मित्रांनो, स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावायला मिळावी, एवढीच त्या बाईची इच्छा होती.

मुंबईहून दोन वस्तू आल्या. एक पुडीचा डबा आणि एक छापील कागद. पूड होती पेक्टिनची. पेक्टिन फळांच्या सालींतूनच काढतात आणि त्याने जॅम दाट होतो. आमच्याकडे सगळे तिला 'मुंबईची पूड' म्हणू लागले. ती तीन कढयांपुरती होती. सरावाच्या दोन आणि साहेबांसमोरची एक, असा हिशोब आप्पांनी धरला. कागद मात्र इंग्रजीत होता.

इंग्रजी म्हटले की आमच्याकडे एकच माणूस, कारकून महिपत. त्याच्या खिशाला दोन पेने असत. तो मॅट्रिक झाला आहे असे सगळे समजत होते. मला खरे ठाऊक होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असताना तो माझ्या बाजूला भिंतीला टेकून बसला आणि स्वतःशीच पुटपुटला, "दोनदा बसलो, दोनदा इंग्रजीतच गेलो." लाकडासमोर माणसे फार मोकळेपणाने बोलतात. हे जर आप्पांना कळले तर आपली नोकरी गेली, या भीतीने तो वर्षानुवर्षे ताठ मानेने चालत होता.

त्याने कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मधल्या दोन ओळींची सुरुवात एकाच लांबलचक शब्दाने होत होती. महिपतने तो मोठ्याने वाचला, "इन्कॉर्पोरेट." मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही ओळ दुबार छापली आहे. छापखान्यात अशा चुका होतात. थोडक्यात काय, पूड रसात मिसळायची."

"कशी मिसळायची?" सगुणाने विचारले.

"कशी म्हणजे? मिसळायची!" महिपत म्हणाला आणि कागद घडी करून खिशात टाकला.

आता इथे सगुणाचीही चूक झाली, ती मी लपवणार नाही. आमच्या कोकणात कढीला किंवा सारात दाटपणा हवा असेल तर तांदळाचे पीठ आधी गार पाण्यात कालवतात आणि मग उकळीत सोडतात. प्रत्येक पोरगी हे चुलीजवळ उभी राहून शिकते. सगुणाने हसून म्हटले, "आमच्या कढीत कदी गुठळी बगितलीत? पीठ काय नि पूड काय, पाण्यात कालवून घालतंय." कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

पूड पाण्यात पडली मात्र, तिच्या गोळ्या झाल्या. वरून गुळगुळीत, आत कोरडी पूड. सगुणाने त्या बोटांनी चेचल्या, फडक्यातून गाळल्या, तरी रसात त्या जशाच्या तशा तरंगू लागल्या. मी तासभर त्यांच्या मागे धावत होतो. एक फोडली की दोन दिसत. शेवटी जॅम एकीकडे पातळ आणि एकीकडे घट्ट गोळा असा झाला. पहिली कढई वाया गेली.

दुसऱ्या दिवशी तिने पाणी कोमट घेतले आणि पूड जोराने घुसळली. ते तर आणखी बिघडले. गोळ्या मोठ्या झाल्या. एवढा हापूसचा रस, आणि वर बेडकाची अंडी पसरल्यासारखे ते दृश्य. सगुणाचा चेहरा लाल झाला. तिने मला वर उचलले आणि कढईच्या काठावर दाणकन आपटले.

माझ्या दांड्यातून एक बारीक आवाज आला. मधोमध उभी चीर गेली होती. मला राग आला नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. चार हंगाम मी तिची पाठ राखली होती. पण तिने चीर पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा माझा राग ओसरला.

आप्पा घाम पुसत म्हणाले, "एकाच कढईपुरती पूड राहिली. साहेब परवा सकाळी येतायत. आंबाही संपत आला. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा."

"पूडच खराब आसंल," काशी म्हणाली. महिपतने लगेच मान डोलावली. "अगदी बरोबर. पूडच खराब." मित्रांनो, दोष डब्यावर ढकलला की सगळ्यांची सुटका होते. सगुणाचीही झाली असती, फक्त तिची खोली गेली असती. तिने मला भिंतीला टेकवून ठेवले. मग तिने महिपतकडे हात केला आणि म्हणाली, "महिपतभाऊ, ता कागद जरा मला द्या."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाय कळायचा. पन द्या."

महिपतने कुरकुरत कागद दिला. तो कमरेला खोचून आणि मला खांद्यावर घेऊन ती दुपारच्या उन्हात भागोजीकाकांकडे निघाली. माझी चीर बांधून घ्यावी हा एक हेतू होता. दुसरा हेतू तिने मला वाटेत सांगितला नाही, पण तिचे पाऊल फार भरभर पडत होते.

भागोजीकाका मूळचे बुरोंडीचे. अठ्ठावीस वर्षे ते बोटीवर स्वयंपाकी होते आणि आता खाडीकाठच्या घरात ओटीवर बसून जाळी दुरुस्त करत. दोरी बांधावी तर त्यांनीच. त्यांनी मला मांडीवर आडवे घेतले, चिरेवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "ह्याला मारलान कोणी?"

"मीच," सगुणा म्हणाली.

काका सुती दोरीचे फेरे माझ्या दांड्यावर एकाला एक लावून ओढू लागले. दोरी इतकी घट्ट बसत होती की माझा श्वास कोंडला. तेवढ्यात सगुणाने कमरेचा कागद काढून त्यांच्यासमोर धरला. "काका, बोटीवर तुमी इंग्रजी कागदावरनं रांधत होतांव ना? ह्या बगा. हा शबुद काय हाय?"

काकांनी कागद दूर धरला. त्यांचे ओठ हलले. मग ते एकदम मोठ्याने हसले. "इन्कॉर्पोरेट! अरे देवा! ह्यानं मला किती छळलान, तुला सांगू? मी नवा होतो. आंतोन म्हनून गोयंकार बडा कुक. तो कार्ड लिवून भिंतीला लावायचा. लोन्यात पीठ इन्कॉर्पोरेट कर. मी म्हटला, मिसळायचाच ना? सगळा पीठ एकदम वतला नि फिरवला. केक कापला तं मदी पिठाचा कोरडा खड्डा! आंतोननं ता केक मस्कतपास्नं मोंबासापर्यंत रोज मला एकट्याला खायला घातलान."

सगुणा हसली नाही. तिला हसायला वेळ नव्हता. "मंग त्याचा अरथ काय?"

"मिसळना म्हंजे दोन मान्सांना एका खोलीत कोंडना. ती कोपरे धरून बसतील. इन्कॉर्पोरेट म्हंजे, मागनं कोन कुठला ता कुनाला सांगता येता नये. थोडा घालायचा. ता जिरला की दुसरा थोडा घालायचा. आधीचा जिरल्याबिगर पुढचा नाय. समाजला?"

आपल्या मराठीत याला 'एकजीव करणे' म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. सगुणालाही तो शब्द येत होता. पण 'मिसळायची' एवढेच ऐकून ती तेवढ्यावर थांबली होती, आणि महिपत तर त्याच्याही अलीकडे थांबला होता.

"पन ओळ दोनदा का छापली?" तिने विचारले.

काकांनी दोन्ही ओळींवर बोट फिरवले. एकदा, दोनदा. "दोनदा नाय गो. पैला शबुद सारखा, पन ओळी वायल्या. ह्या वरच्या ओळीत शुगर हाय. ड्राय शुगर. सुकी साखर. खालच्या ओळीत गरम रस. पूड आधी सुक्या साखरेत जिरवायची, नि ती साखर मंग रसात. पानी कुठंच नाय." त्यांनी मान वर केली. "तू पानी घातलंस?"

सगुणाने डोळे मिटून घेतले. दोन कढया तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. मग तिने चुलीतला विझलेला कोळसा मागितला आणि काकांच्या नव्या दोरीच्या वर, माझ्या अंगावर, चौथी पास अक्षरांत लिहिले: इन्कॉर्पोरेट. परतीच्या वाटेवर ती तो शब्द चार तुकडे करून म्हणत होती. इन्, कॉर्, पो, रेट. एका पावलाला एक तुकडा.

परवाची सकाळ उजाडली. साहेबांची एस.टी. नऊ वाजता यायची होती. कढईत रस चढला होता. सगुणाने परातीत सुकी साखर घेतली तेव्हा महिपत पुढे झाला.

"हे काय? साखर नंतर घालायची. कागदात असं नाही."

"हाय, महिपतभाऊ. त्या दोन ओळी वायल्या आहेत."

"दुबार छापल्यात म्हणून मी सांगितलं ना? आप्पा, ही चौथी शिकलेली बाई मला इंग्रजी शिकवतेय!" महिपतचा आवाज चढला होता, पण त्याने कागद मात्र मागून घेतला नाही, ते मी पाहिले.

आप्पा एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. शेवटची पूड होती. कारकुनाचे ऐकावे की ढवळणाऱ्या बाईचे? ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सगुणा, बिघडलं तर?"

"तर उद्यापासून मी येनार नाय, आप्पानू. पोरीला घेऊन भावाकडंच राहीन. पन आज मला माझ्या हातानं करूं द्या."

तिने पूड साखरेवर भुरभुरली आणि दोन्ही तळव्यांत चोळू लागली. मूठभर चोळायची, बाजूला सारायची, पुन्हा मूठभर. शेडमध्ये फक्त साखरेची सरसर ऐकू येत होती. मग तिने परात महिपतपुढे धरली. "आता ह्यातली पूड वायली काढून दाखवा."

महिपतने चिमूट उचलली. बोटांवर पसरली. उजेडात नेली. पांढऱ्यात पांढरे, काही दिसेना. त्याने चिमूट परत परातीत टाकली आणि तो एक पाऊल मागे सरकला. आप्पांनी मान हलवली. "घाल."

सगुणाने डाव्या हाताने पहिली मूठ रसावर शिंपडली आणि उजव्या हाताने मला फिरवले. इन्, कॉर्, पो, रेट. चार फेरे. रस गुळगुळीत राहिला. दुसरी मूठ. पुन्हा चार फेरे. एका हाताने ढवळायचे म्हणजे सगळा भार माझ्या दांड्यावर येत होता. चीर दोरीखाली करकरू लागली. आता मी तुटलो तर माझे तुकडे कढईत पडणार, आणि तिची खोली त्यातच बुडणार. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला देव नाही. पण त्या वेळी मी धोंडू सुतारापासून भागोजीकाकांपर्यंत सगळ्यांची नावे घेतली.

पाचव्या मुठीला साहेब आत आले. कडक इस्त्रीचा सदरा आणि कपाळावर आठी. ते कढईजवळ उभे राहिले, परातीत अर्धी साखर उरलेली पाहिली आणि घड्याळाकडे नजर टाकली. "बाई, मला परतीची गाडी आहे. घाला ना सगळं एकदम."

सगळी शेड सगुणाकडे पाहू लागली. आप्पांनी तर डोळ्यांनी खूणच केली. ज्यांच्या एका शब्दावर तिचे बारा महिने अवलंबून होते, तेच सांगत होते. सगुणाचा हात क्षणभर थांबला. मग मी पुन्हा फिरू लागलो.

"नाय, साहेब. आदीचा जिरूं दे," ती म्हणाली.

काशीने न सांगता भट्टीतले एक लाकूड बाहेर ओढले, आच जरा उतरली. सहावी मूठ, सातवी, आठवी. चीर दोरीच्या वरपर्यंत आली. नववी. परात रिकामी झाली. मग उकळी आली, बाजूला काढून ठेवलेली बाकीची साखर पडली, आणि रस जड होत होत माझ्या पात्यावरून थेंबांऐवजी पदरासारखा सुटू लागला. काकांची दोरी सैल पडली नाही.

साहेबांनी गार बशीत एक चमचा टाकला. बशी तिरकी केली. जॅम जागचा हलला नाही. त्यांनी तो बोटाने दाबला, उजेडात धरला, पुन्हा एक चमचा घेतला, कढईच्या दुसऱ्या बाजूने. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मला तो अख्ख्या हंगामाएवढा वाटला.

"गुठळी नाही," ते म्हणाले. "तुमच्या आधी तीन ठिकाणी बघून आलो. सगळीकडे गुठळ्या. कागद कोणी वाचला इथे?"

महिपत भिंतीकडे बघत होता. सगुणाने एक वाक्य बोलायचा अवकाश होता, त्याची वीस वर्षांची ताठ मान तिथेच खाली गेली असती. मला वाटले, ती बोलणार. दोन कढया तिच्या माथी बसल्या होत्या.

ती म्हणाली, "महिपतभाऊंनी वाचलानी, साहेब. मी नुसता ढवळला."

हे खोटे नव्हते, आणि पुरते खरेही नव्हते. साहेब 'छान' म्हणून गेले. काम पक्के झाले. त्याच आठवड्यात सगुणाने शेडमागच्या खोलीला स्वतःची कडी बसवून घेतली. पण मला त्या दिवसाची संध्याकाळ जास्त आठवते. सगळे गेल्यावर महिपत एकटा आत आला. त्याने मला गरम पाण्याने धुतले, पंच्याने पुसले, आणि पाते वर करून सावलीत उभे केले. पाच वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच हात लावला होता. पुढच्या महिन्यात त्याच्या टेबलावर वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक जाडजूड पुस्तक आले. तो शब्दकोश होता.

त्यानंतर चार वर्षे आम्ही बारमाही जॅम केला. बायकांमध्ये तो शब्द असा रुळला की भाजीत मीठ घालतानाही एकमेकींना सांगत, "इन्कॉर्पोरेट कर गो, नुसता टाकू नको!" मग विजेवर फिरणारे स्टीलचे यंत्र आले. ते दमत नाही, त्याला चीर जात नाही. मी त्याचा हेवा केला, कबूल करतो. कोणी मला दाराला आडसर म्हणून लावले, कोणी माझ्यावर फडकी वाळत घातली, आणि एका पावसाळ्यात तर मला घेऊन गटार उपसले. मी चिखलात पडून राहिलो. एका बाजूने वाळवी चढू लागली. कोळशाचा शब्द तेव्हाच धुऊन गेला.

सगुणाला मी गटाराकडेला सापडलो. ती सगळ्या बायकांवर कडाडली, "ह्याची मान एकदा मी मोडली. आता तुमी कुजवताय?" तिने मला खरवडले, खोबरेल तेल चोळले आणि यंत्राच्या समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवे टांगले. तिथून मी आज सगळे पाहतो.

परवाचीच गोष्ट सांगतो. यंत्राबरोबर एक नवा कागद आला, इंग्रजीत. हौसा नावाची नवी बाई तो घेऊन मुख्य बाईकडे, म्हणजे सगुणाकडे आली. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "बाय, ह्याचा अरथ काय?" सगळ्या जणी ऐकत होत्या. सगुणाने कागद पाहिला. मुख्य बाई होती ती. काहीही सांगितले असते तरी हौसाने ऐकले असते.

सगुणा म्हणाली, "मला नाय म्हायत गो."

मग तिने यंत्राचे बटण बंद केले आणि महिपतला हाक मारली. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत. त्याने कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. मी भिंतीवर श्वास रोखून धरला. महिपत सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "मलाही माहीत नाही. थांबा, बघूया." आणि त्याने कव्हर फाटलेला शब्दकोश उघडला. पान सापडेपर्यंत यंत्र बंदच राहिले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. घरातल्या लाकडी वस्तूला काम झाल्यावर पुसा, पाण्यात भिजत ठेवू नका, रागाच्या भरात आपटू नका. आणि एखादा शब्द अडला, तर अडला म्हणून सांगा. पूड एकदा पडली की परत काढता येत नाही, हे मी दोन कढयांत पाहिले आहे. पण विचारून येईपर्यंत कढई थांबते.